नानाजींच्या घरचा जुना स्पीकर

प्रभाकरचं लग्न झालं ते साल एकोणीसशे पंचावन्न. वैशाखात आर्वीला लग्न लागलं आणि नवी सून कमला रिवाजाप्रमाणे माहेरी गेली, ती परत यायचं नाव घेईना. गावानं आपल्या परीनं कारणं काढली. कोणी म्हणालं मानपान राहिला, कोणी म्हणालं पोरगी हट्टी. खरं कारण प्रभाकरला ठाऊक होतं. त्यानं वर्ध्याहून, नोकरीच्या गावाहून, येऊन बापाला ते मान खाली घालून सांगितलं. कमला घरातल्या रेडिओला भ्याली होती.

प्रभाकरचे वडील नानाजी आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होते. जिनिंगच्याच चाळीत दोन खोल्या, पुढे ओसरी. गोरा मॅनेजर देश सोडून निघाला तेव्हा त्याचं पुष्कळसं सामान लिलावात गेलं, पण रेडिओ त्यानं नानाजींच्या हवाली केला होता. लढाईच्या आधीचा रेडिओ. कोनाड्यासारखी लाकडी पेटी, वरून गोल, तोंडाला विणलेलं तपकिरी कापड, आणि आत एवढा जड स्पीकर की पेटी उचलायला दोन माणसं लागत.

त्या रेडिओवर नानाजींची मुलगी एकदा गायली होती. पंचफुला तिचं नाव, देवळीला दिली होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत इकडे पोरी भुलाबाई मांडतात आणि रोज तिच्यापुढे गाणी म्हणतात. एकोणीसशे एक्कावन्न साली देवळीच्या पोरींना नागपूरच्या रेडिओवर बोलावणं आलं. पुढे होऊन म्हणणारी पंचफुला आणि मागे बाकीच्या. गाणं थेट जाणार होतं, म्हणजे म्हटलं तेव्हाच ऐकायचं, मागाहून काही नाही.

आई रुख्माबाईंनी त्या दिवशी रेडिओला ओवाळलं. पोरीचा आवाज पहिल्यांदा आकाशातून घरी येतोय, तर तो काय तसाच घ्यायचा? पेटीला कुंकू लावलं, ताटात निरांजन ठेवलं आणि गाणं संपल्यावर तोंडाच्या कापडावर अक्षता टाकल्या. शेजारच्या बाया हसल्या, मग त्यांनीही टाकल्या.

नानाजी घरी नव्हते. हंगामाचा पहिला विस्तव बॉयलरात पडायचा तो मुहूर्त नेमका त्याच वेळेचा. पहिला विस्तव इंजिनावरच्या थोरल्या माणसाच्या हातानं पडायचा अशी त्या जिनिंगची रीत होती. रीत मोडली आणि वर्षभरात कोणाचा हात पट्ट्यात गेला, तर बोल कोणाला लागणार? ते गेले. गाणं परत कधीतरी ऐकू म्हणाले.

त्यानंतरच्या माघात पंचफुलाला मुदतीचा ताप आला. देवळीहून निरोप येईपर्यंत उशीर झाला होता.

तेरावं झाल्यावर कधीतरी रुख्माबाईंनी रेडिओ लावला आणि त्यांना बांगड्या ऐकू आल्या. जात्याचा खुंटा फिरवताना बाईच्या हातातल्या बांगड्या खाली-वर सरकतात ना, तसा आवाज. नेहमी नाही येत. रेडिओवर कोणी बाई वरच्या पट्टीत गेली की तिच्या गाण्याच्या आडून हळूच येई. पंचफुलाच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या असत, कोपरापर्यंत चढवायची तिला हौस.

तेव्हापासून रुख्माबाई रेडिओपाशी बसू लागल्या. स्वयंपाक करून यायच्या आणि बसायच्या. आधी नुसत्या ऐकायच्या, मग बोलायला लागल्या. आज भाकर करपली, तुझ्या मामाकडे गाय व्याली, असं काहीबाही. रेडिओ तापला की हात लावून बघायच्या. जुने रेडिओ तापतातच, पण त्या म्हणायच्या, अंग कोमट आहे, उतरतोय ताप. आणि मग लग्न होऊन आलेली कमला एका दुपारी पेटीजवळ पाट टाकून तांदूळ निवडायला बसली, तेव्हा सासूनं तिला अगदी सहज सांगितलं, "थोडी सरकून बस वो पोरी. तिथं फुला बसते."

त्या एका वाक्यानं माहेरी गेलेली कमला परत येईना.

नानाजींना तो आवाज कधीच ऐकू आला नव्हता. इंजिनाच्या धडधडीत उभं आयुष्य गेलेला माणूस, बारीक आवाज कानाला लागायचे बंदच झाले होते. पण यंत्रातलं काहीतरी ढिलं आहे एवढं त्यांना कळत होतं. आजवर पेटीला हात लावायची छाती झाली नाही, कारण तीन वर्षं बायको जी काही जगत होती ती त्या पेटीच्या आधारानं. आता सून गेली होती. पुढे मुलगाही वर्ध्याला वेगळं बिऱ्हाड करील, आणि ही इथे पेटीशी बोलत आपल्या हातून पार निघून जाईल, ही एकच धास्ती त्यांना पडली. बायको परत माणसांत यावी, बाकी त्यांना काही नको होतं. ते उठले आणि एस.टी. स्टँडाजवळच्या रूपराव रेडिओवाल्याकडे गेले.

रूपराव पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी आला. तोंडात पान, काखेत नव्या स्पीकरचा खोका. रुख्माबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. नवा आणायचा तर आणा, जुना काढायचा नाही.

रूपराव समजूतदार माणूस. तो म्हणाला, जुना काढतच नाही, दोन्ही जोडतो. मधे एक पलटी बटण देतो. इकडे दाबलं की जुना, तिकडे दाबलं की नवा. पुढच्या बाजारापर्यंत ऐका आणि मग काय ते ठरवा. त्याची ती नेहमीची पद्धतच होती. सामान लावून द्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या कानावर सोडायचं.

खोक्यातून नवा स्पीकर निघाला तर तो हातावर मावेल एवढा. नानाजींना हसू आलं. "ह्याच्यात काय दम हाय? येवढुशी तं वाटी असते."

"दम वजनात नसते, नानाजी," रूपराव म्हणाला. त्यानं खिशातला खिळा काढून नव्या स्पीकरच्या पाठीला लावला. खिळा टक्कन चिकटला. मग रेडिओ बंद असतानाच पेटीच्या मागून हात घालून तोच खिळा जुन्याला लावला, तो खाली पडला. "ह्या जुन्याच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं हाय. वीज सोडली का ते चुंबक होते, वीज गेली का निस्तं लोखंड. म्हनून ते तापते. नव्याचं चुंबक त्याच्यापाशीच हाय, कायमचं. त्याले कोनाची वाट पाहा लागत नाई."

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती नानाजींच्या मनात रुतून बसली. रेडिओची सगळी वीज त्या जुन्याच्या वेटोळ्यातूनच गाळून पुढे जाते. म्हणून बटण नव्याकडे असलं तरी जुना आतून जागाच राहणार, तापतच राहणार. फक्त बोलणार नाही.

आधी त्यानं जुना जसा होता तसा लावून ऐकला. नागपूरला कोणी बाई गात होती. ती वर चढली आणि रूपरावनं चघळणं थांबवलं. त्यालाही ऐकू आलं होतं. रुख्माबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत, बघा, मी खोटी नव्हते, एवढंच होतं.

रूपरावनं वीज बंद केली, चार पेच सोडले आणि स्पीकर पुढे ओढला. कागदाच्या त्या मोठ्या नरसाळ्याच्या खालच्या काठाशी, कापड आणि कागद यांच्या फटीत, एक तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला आणि आता विटलेला. वरच्या कोपऱ्यात कापड चौकटीपासून सुटलं होतं, तिथून तो घसरत खाली आला असणार. कागद एका ठरावीक सुरात थरथरला की तो दाणा नाचे.

रूपरावनं तो तळहातावर घेऊन पुढे केला. नानाजींना वाटलं ही आता हंबरडा फोडील. रुख्माबाईंनी दाणा उचलला, उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. मग त्यांच्या तोंडून एक बारीक हसू निघालं. तीन वर्षांत ते घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"मीच टाकला होता," त्या म्हणाल्या. "तांदूळच हाय. मंग भातात जाईन."

आत गेल्या, दाणा धुतला आणि चुलीवरच्या आधणात बाकीच्या तांदळासोबत सोडला.

मग दोन्ही स्पीकर लागले. नवा एका फळीला भोक पाडून पेटीशेजारी उभा केला. शेजारचा ताराचंद किराणेवाला दुकान नोकरावर टाकून आला, शकुंतलाबाई आल्या. रूपरावनं सगळ्यांना पाठ करून बसवलं आणि न सांगता बटण फिरवायला लागला.

ताराचंद म्हणाला, पहिला आवाज म्हणजे चिंचेच्या झाडाखाली बसून ऐकल्यासारखा, आणि दुसरा म्हणजे सासूनं कानाशी येऊन बोलल्यासारखा. शकुंतलाबाईंना दुसरा पटला. बातम्यांतला शब्दन् शब्द सुटा कळतो, टाळ वाजले तर टाळ वाटतात, डबा वाटत नाही. पहिल्यात ढोलकी चांगली, पण गाणाऱ्याच्या तोंडात सुपारी आहे की काय कोण जाणे. ताराचंदनं लगेच टोला दिला की शकुंतलाबाईंना सगळ्यांच्या तोंडातलं आधी कळतं. त्यावर ओसरी हसली. नानाजींना पहिल्यातलं, म्हणजे जुन्यातलं, काही खोल वाटलं. दुसरा माणूस खिडकीत उभा राहून बोलतो, पहिला खोलीत येऊन बसतो. पण ते बोलले नाहीत. रुख्माबाईंनी नव्याला कौल दिला होता, आणि त्या बायांसोबत बसून चहा पीत होत्या. नानाजींचं काम झालं होतं.

प्रभाकर जाऊन कमलाला घेऊन आला. रुख्माबाईंनी सुनेच्या हातात सूप दिलं आणि जिथं बसायचं तिथं बस म्हणाल्या. घर मार्गी लागलं.

जिनिंग उन्हाळ्यात बंद. नानाजी दिवसभर घरी. एका दुपारी बाया मागच्या अंगणात पापड घालत होत्या, नागपूरचा दुपारचा कार्यक्रम संपला होता आणि रेडिओ बंद करायला म्हणून ते उठले. हात बंद करायच्या खुंटीकडे जायचा तो पलटी बटणाकडे गेला. म्हटलं बघू, दाणा गेल्यावर जुना कसा बोलतो. बटण जुन्याकडे दाबलं. कार्यक्रम नव्हताच, नुसती घुंऽऽ अशी गुणगुण. जुना स्पीकर काही नसलं तरी एवढं करायचाच.

त्या गुणगुणीच्या आत कोणीतरी श्वास घेतला.

नानाजी तसेच उभे राहिले. बॉयलरच्या झडपेतून वाफ सुटते ती नाही, वारा नाही. गाणं म्हणायच्या आधी बाई छाती भरून श्वास घेते, तो. त्यानंतर गाणं यायला पाहिजे. ते आलं नाही. गुणगुण तेवढी चालू राहिली. बऱ्याच वेळानं परत तो श्वास.

त्यांनी हात पुढे करून पेटीच्या मागून चुंबकाला लावला. कोमट होतं. तापणारच, रूपरावनं सांगितलं होतं. तरी त्यांनी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः रूपरावकडे गेले आणि आत अजून एखादा दाणा राहिला असेल म्हणाले. रूपराव आला, स्पीकर काढला, मऊ कुंच्यानं कागद झाडला, पालथा करून टिचक्या मारल्या. काहीच नव्हतं. त्यानं लावून ऐकवलं. रूपरावला काही ऐकू आलं नाही, कमलाला नाही, रुख्माबाईंनाही नाही. नानाजी म्हणाले, ठीक आहे. रूपराव निघताना हळू आवाजात म्हणाला, "नानाजी, तांब्याचं वेटोळं हाय, मोडीत बरं जाईन. जुना घेऊन जाऊ काय?" नानाजींनी नुसती मान हलवली. नाही.

त्या दिवसापासून दुपारचा कार्यक्रम संपला की नानाजी पेटीपुढे बसत. ज्या वेळी रेडिओवर काहीच नसतं, ती त्यांची वेळ. बारीक आवाज हरवलेला, तरी इंजिनातला एक पेच ढिला झाला तर ओळखणारा कान आता सगळा त्या एका जागी लागला होता. त्यांचा हिशेब सरळ होता. माणसं गाणं ऐकून विसरली. हवा निघून गेली. पण हा कागद तिच्या आवाजानं हलला होता, ह्याच घरात, त्या दिवशी. नव्या स्पीकरनं तिला ऐकलंच नाही. ऐकलं ते ह्यानं, आणि आपण ऐकलं नाही. आता हा श्वास घेतो म्हणजे तो गाणं सुरू करणार. आपण उठून गेलो आणि तेव्हाच ते सुरू झालं तर?

म्हणून ते उठेनात. ताट समोर आणून द्यावं लागे. ताराचंद हाका मारून थकला. आषाढ गेला, श्रावण गेला. प्रभाकरनं एकदा तारा ओढून काढायचं मनात आणलं, पण आईनं अडवलं. माणूस हातून जाण्याची धास्ती आता तिची होती, आणि तारा ओढून तोडल्यानं पेटीची ओढ जात नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

पोळा झाल्यावर एका दुपारी रुख्माबाई येऊन नवऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या. गुणगुण चालू होती.

"काय आयकून राह्यले?" त्यांनी विचारलं.

"तिचा दम. गान्याआधीचा."

"अन् गानं?"

"गानं नाई येत." नानाजींनी पहिल्यांदा बायकोकडे तोंड फिरवलं. "मी नव्हतो ना. मले कोनतं गानं होतं तेई माहीत नाई. तं कसं येईन?"

भुलाबाई बसायला अजून अवकाश होता. तिची गाणी तिच्या दिवसांत म्हणायची, बिनवेळेला म्हणू नयेत असं आयाबाया सांगतात. रुख्माबाईंना हे आठवलं नसेल असं नाही. त्यांनी पदर सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. थकलेला आवाज, मधे खोकला. पण पोरीनं जसं म्हटलं होतं तसंच, जिथं ती थांबली होती तिथं थांबत, जिथं मागच्या पोरी उचलायच्या तिथं हातानं जमिनीवर ताल देत, शेवटपर्यंत. मागच्या दारात कमला येऊन उभी राहिली होती.

गाणं संपलं. रुख्माबाई पुढे काही बोलणार, तोच नानाजींनी हात वर केला.

"थांब. आता ती म्हनून राह्यली."

त्यांचं तोंड पेटीकडे होतं. डोळे मिटलेले. रुख्माबाईंनी कान दिला. गुणगुणीशिवाय त्यांना काही ऐकू आलं नाही. पण त्या नवऱ्याच्या बोटांकडे बघत राहिल्या. नानाजींची बोटं मांडीवर ताल धरत होती. जिथं पंचफुला थांबली होती तिथं ती थांबत होती. जिथं पोरी उचलायच्या तिथं परत पडत होती. हे आत्ता माझ्याकडून ऐकलं म्हणून, असं त्या मनाशी म्हणाल्या. मग एका ठिकाणी बोटं दोनदा थबकली आणि रुख्माबाईंच्या अंगावर काटा आला. तिथं त्या दिवशी पोर चुकली होती, तिनं ओळ परत घेतली होती. रुख्माबाईंनी गाताना ती चूक गाळली होती. पोरीची चूक आईनं कशाला म्हणायची? ती त्यांनी आजवर कोणालाही सांगितली नव्हती.

बोटं थांबली. नानाजींनी डोळे उघडले, पेटीला एकदा हात लावला आणि रेडिओ बंद केला. गुणगुण हळूहळू विरत गेली.

"चांगली म्हनते," ते म्हणाले. "चहा टाक."

त्यानंतर ते पेटीपुढे बसले नाहीत. संध्याकाळी नव्या स्पीकरवर बातम्या ऐकत, ताराचंदशी वाद घालत, हंगाम लागला तसे कामावर जात. घर पुन्हा घरासारखं चालू लागलं. फक्त रुख्माबाई आता दुपारी पुढच्या खोलीत एकट्या थांबत नसत. काही आणायचं झालं तर कमलाला सोबत घेऊन जात. कमलानं कारण विचारलं नाही.

पंचफुला एकोणीसशे बावन्नच्या फेब्रुवारीत देवळीला मुदतीच्या तापानं गेली. नानाजी एकोणीसशे पंचावन्नच्या डिसेंबरात, हंगाम भरात असताना, आर्वीला सकाळच्या वेळी छातीत कळ येऊन गेले.